लांबची लेन्स

दुकानदार : नाही साहेब, ही लेन्स नव्हे, तोफ आहे. कॅमेरा घेऊन किती दिवस झाले तुम्हाला?

भाऊ : एकोणीस. पण दृष्टी जुनी आहे.

ताई : जुनी आहे म्हणूनच चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. अहो, माझ्या या भावाला एखादी साधी लेन्स द्या. परवा मी बाबांना कायमचं माझ्याकडे नेते आहे. सामानाला हात लावायचं सोडून हा मला इथे घेऊन आलाय.

भाऊ : ताई, मला अंतर हवं आहे. पक्ष्याच्या एकांताला धक्का न लावता त्याच्यापाशी पोहोचायचं आहे.

दुकानदार : पोहोचाल. पण हिचं वजन तीन किलो. पक्षी उडून जाईल आणि तुमची मान तिथेच अडकेल.

ताई : कविता करायचा तेव्हा निदान ओझं आम्हालाच व्हायचं.

दुकानदार : आजवर काढलेले फोटो दाखवा, म्हणजे सांगतो.

भाऊ : ते... नुसता सराव आहे.

ताई : दाखव की! चोरीचा माल आहे का?

दुकानदार : हं. तार, तारेवर पक्षी. पण तो धूसर आलाय.

भाऊ : धुकं होतं.

दुकानदार : आणि धुक्यात मागची खिडकी एवढी लख्ख? गजांवरचा गंजसुद्धा दिसतोय. पुढच्या फोटोत तीच खिडकी. त्याच्या पुढच्यातही. साहेब, पक्षी कुठेही बसो, तुमचा फोकस खिडकीवर! आत कुणी म्हातारे गृहस्थ दाढी करताहेत.

ताई : बघू? ...अरे, हे तर बाबा!

भाऊ : पक्षी तिथेच बसतात, त्याला मी काय करू?

ताई : नोकरी सोडलीस तेव्हा बाबा एक वाक्य बोलले, ते धरून तीन वर्षं अबोला. आणि आता समोरच्या गच्चीवरून बापाचे चोरून फोटो?

भाऊ : परवा ती खिडकी बंद होईल, ताई. त्यांचा चेहरा हवा होता मला. एकदाच, नीट.

दुकानदार : मग तोफ राहू द्या. ही घ्या, पन्नास एमएमची. हिला झूम नाही.

भाऊ : मग चेहरा जवळ कसा येणार?

दुकानदार : तो येत नाही. आपण जायचं. दोन पावलांवर उभं राहायचं.

भाऊ : दोन पावलांवर? अहो, तिथून मी त्यांना दिसेन!

दुकानदार : हीच या लेन्सची खोड.

भाऊ : आणि त्यांनी तोंड फिरवलं तर?

ताई : थांब, आत्ता उलगडा झाला मला. काल दाढी करता करता बाबा म्हणाले, त्याला एक निरोप दे. कुणाला, म्हणून विचारलं तर खिडकीबाहेर बघत राहिले.

भाऊ : काय निरोप?

ताई : "उन्हात उभा राहतोस, टोपी घालत जा."