मासोळी बाजारापर्यंत

मुरारी : हे बूट दगडावर पडले तरी पायाले समजत नाही, नंदे. चिखलात तं मी बोटानं मासोळी वळखतो.

नंदिनी : नवे आहेत, बाबा. सवय होईल. गुडघ्याचा पट्टा आवळत तं नाही ना? चला, खांब तलावापर्यंत चालणं झालं. आता घरी वळू.

मुरारी : वळत नाही. मासोळी बाजारात जाऊन राहिलो मी.

नंदिनी : तिकडं धनीराम बसतो.

मुरारी : म्हणूनच.

नंदिनी : डॉक्टरनं लांब चालून पाहा म्हटलं. मारामारी करा असं नाही म्हटलं!

मुरारी : जाळ्याच्या भांडणात त्यानं वल्ह्यानं माहा गुडघा फोडला. अन् पंचानं काय ठरवलं? मुरारी आपल्या पायानं बाजारात येत नाही तोवर त्याच्या वाट्याची मासोळी धनीरामनं घरी नेऊन द्यायची.

नंदिनी : दिली ना मग त्यानं. एक खेप चुकवली नाही.

मुरारी : तेच तं! मुंडकं खाली घालून दारात ठेवून जाये. खाल्ली तं घास उतरत नव्हता, फेकली तं तुही माय उपाशी. ज्याचं खातो त्याच्यावर ही काठी कशी उचलू? आज चालत आलो. आता त्याचं खाणं सुटलं.

नंदिनी : केस होईल, बाबा. या वयात जेलात जाल. मायनं कोणाकडं पाहायचं?

मुरारी : तू हाय ना. हट, दिसला तो. बाजार उठला तरी एकटाच बसून हाय.

धनीराम : या, मुरारीकाका. चालता आलं म्हणायचं.

मुरारी : उभा राह्य.

धनीराम : राहिलो.

नंदिनी : धनीरामभाऊ, पळा ना! काय पाहून राहिले?

(काठी गुडघ्यावर पडते, मग पुन्हा तिथंच. मासोळीची पाटी उलटते.)

नंदिनी : बाबा! हाड दिसून राहिलं त्याचं!

मुरारी : वरड! मी वरडलो होतो, अख्ख्या तलावानं ऐकलं. तू बी वरड!

धनीराम : नाही... वरडत.

मुरारी : काहून बे? तोंड फोडू काय?

धनीराम : पोरं चौकात चहा पिऊन राहिले माहे. आवाज ऐकला तं धावत येतीन. तुमाले जित्तं सोडणार नाहीत.

मुरारी : येऊ दे त्यायले! वरड!

नंदिनी : आता काठी माह्या डोक्यावर पडन, बाबा. मी हटत नाही.

मुरारी : हट, नंदे.

नंदिनी : मारा. पोरीचं रक्त पाहून पोट भरत असन तं मारा.

(मुरारीची उगारलेली काठी खाली येते.)

नंदिनी : द्या ती काठी इकडं.

मुरारी : घे. उभं राहवत नाही मले.

धनीराम : इकडं बसा, काका. इथं ओलं नाही.