चादर दिसेपर्यंत

— नाही हो बाईसाहेब, गाडीसारखा रिव्हर्स गियर नसतो आमच्या जहाजाला! चौकशीला येता आणि एवढंही माहीत नाही? उलटं जायचं तर इंजिन आधी बंद करायचं, मग तेच उलट्या दिशेनं चालू करायचं — पाण्यातला पंखा उलटा फिरतो, जहाज मागं ओढलं जातं. आणि तीन मजली इंजिन चालू कशानं होतं? दाबाच्या हवेनं! टाक्यांत हवा असते बारा वेळा चालू करण्यापुरती. संपली की बसा पंपानं भरत. तेव्हा लिहा — चूक कॅप्टन सानुएसाची. वाल्पाराइसोच्या धक्क्याला लागताना पुढं, मागं, पुढं, मागं — सात हुकूम! मी खाली इंजिनापाशी घाम गाळतोय, आणि आठव्यांदा ‘मागं’ म्हणाला तर टाकी नुसती फुस्स. जहाज सरळ धक्क्यावर.

काय? सातच झाले तर पाच उरायला हवे होते? — वा, हिशोब बरा येतो की! अहो, भोंगाही त्याच हवेवर वाजतो. त्यात एक पंप बिघडलेला. पण रिवाजच आहे ना इथला — ज्याचं घर टेकडीवर, त्याच्यासाठी एक लांब भोंगा, घरचे खिडकीतून चादर हलवणार. माझी आई एकतीस वर्षं हलवतेय. परवा चादर दिसेना. ऐंशीची म्हातारी, एकटी राहते — जीव टांगणीला लागणार नाही? मी खालून वर कॅप्टनला फोन केला, आणखी एकदा वाजवा. दिसली? नाही. आणखी एकदा. किती वेळा ते नका विचारू. कॅप्टन म्हणाला, ‘ओनोफ्रे, हवा पुरेल ना?’ मी टाकीच्या दाबाच्या काट्याकडे बघत म्हणालो, पुरेल... हे लिहू नका. लिहू नका म्हणतो ना!

आणि ती होती कुठं? धक्क्यावर! आयुष्यात पहिल्यांदा मला घ्यायला आली, दुखऱ्या गुडघ्यांनी सगळ्या पायऱ्या उतरून, चादर हातात घेऊन. जहाज अंगावर येताना बघून लोक पळाले, हिला पळता येईना. पडली. खुबा मोडला. इथंच इस्पितळात, त्या दाराआड झोपलीय. सकाळपासून एकच विचारतेय — ‘एवढा भोंगा कुणासाठी वाजवत होतास रे?’ काय सांगू तिला? सांगा ना, तुम्ही शिकलेल्या!

मिटा ती वही. आत जायचं नाही, तिला काही विचारायचं नाही. जा — नाही, थांबा. आधी कॅप्टनचं नाव खोडा. माझ्यासमोर. हं. आता जा.