कोथिंबिरीच्या जुडीचा बंध

घसा फोडून सांगत होते, पण माझ्यावर विश्वास कोण ठेवतो? शाळेतली पोरं सलाईनवर, आणि सगळ्यांचं बोट खिचडी रांधणाऱ्या माझ्याकडे! सरपंच तर तोंडावर म्हणाले, "हात धुवत नसशील, बाई."

मी म्हटलं, "खिचडी रटरट उकळलेली. वरून पेरलेली कच्ची कोथिंबीर बघा. वरून स्वच्छ दिसली म्हणून मी ती धुतली नाही, एवढी चूक माझी."

आरोग्य खात्याचे डॉक्टर म्हणाले, "जंतू संडासाच्या पाण्यातले आहेत. कोथिंबीर आली कुठून?"

बाजारातून गुरुजींनीच आणलेली. ते म्हणाले, "घाटावरची असेल, आता काय माग लागणार?"

मी कचऱ्यातून जुडीचा बंध काढून पुढ्यात ठेवला. "घाटावरच्या जुडीला सुतळी असते, गुरुजी. हे केळीच्या खोडाचं सोपट, वाळली साल. दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. असं बांधणारी बाजारात एकच, आणि ती भाजी धुते घरामागच्या पऱ्यात. त्याच ओढ्यात वाडीतल्या संडासांचं पाणी उतरतं."

"नाव सांगा, मावशी," डॉक्टर म्हणाले.

तसं बांधायला तिला मीच शिकवलं होतं. पण गप्प बसले असते, तर उद्या तीच कोथिंबीर आणखी कुणाच्या पोराच्या ताटात पडली असती.

"लिहा," म्हटलं. "माझी सख्खी धाकटी बहीण, शेवंती."