चष्म्याचा नंबर

तुमी मले गणिताचा मास्तर म्हून मान देता, तर हे बी ऐका. आनीबानीच्या आदल्या सालची गोष्ट. मंगरूळपीरले डॉक्टरनं माह्या सासऱ्याचे डोळे तपासले अन् चिठ्ठीवर लिहिलं, 'दोन्ही डोळे - २'. ती मधातली आडवी रेघ मले नुसती लिहायची पद्धत वाटली.

चष्मेवाल्यानं विचारलं, "मास्तर, नंबर अधिक का उणे?"

मी ऐटीत म्हनलं, "चिन्ह नसलं का अधिकच धरतात."

चष्मा मीच कामरगावले नेऊन देल्ला. सासरे लय खुश दिसले.

पुढच्या खेपेले एसटीतून उतरलो, तं सासू-सासरे घ्यायले आलेले. सासूबाई हळूच बोलल्या, "जवाई आले, चष्मा लावा." सासऱ्यानं घाईघाईनं खिशातून चष्मा काढून लावला, हात जोडले, अन् माह्या बाजूनं निंघून थेट कंडक्टरपुढं जाऊन उभे राह्यले.

"या जवाईबापू. तुमी आनलेल्या चष्म्यानं लय साफ दिसते."

चिठ्ठीतली ती रेघ उण्याची होती, हे मले तिथंच समजलं. शरमेनं मान खाली घातली. सासऱ्याले तेही दिसलं नाही.