नव्या भट्टीचा नारळ

दुसरं महायुद्ध संपल्यावरच्या वर्षी सांगलीच्या दवाखान्याबाहेर रांगेत उभा होतो. माझ्यापुढं कुंडलची एक म्हातारी आणि तिच्यापुढं दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेला, सदऱ्यावर डांबराचे डाग पडलेला गडी.

“डांबरानं भाजलं व्हय रं, लेकरा?”

“व्हय मावशी. रस्त्याच्या कामावर डांबर तापवायला शिकत हुतो. फौजेतनं आलेला उस्ताद रोज बजावायचा, तापल्या डांबरात पाण्याचा थेंब पडू दिऊ नगा, दुधावानी उतू येतंय. प्यायची घागरसुदिक लांब ठिवायला लावायचा.”

“मग पाणी वतलं कुणी?”

“कुणीच न्हाई. नवी भट्टी हुती, पूजा करायची हुती. सायब यायला उशीर झाला, तवर डांबर तापलं. मग उस्तादानं हळदकुंकू लावलं आन् कढईच्या काठावर नारळ फोडला.”

“आगं बया! नारळातलं पाणी...”

“कुणाच्याबी ध्यानात आलं न्हाई बगा. त्येच्याबी न्हाई. देवाच्या नारळाला पाणी कोण म्हणतंय?”

“आन् उस्ताद?”

“सगळ्यात फुडं त्योच हुता. सगळं तोंडावर आलं. आत ठिवलाय, अजून बोलत न्हाई.”

म्हातारी भिंतीला टेकली.

“नारळाच्या शेंडीला पिवळं फडकं बांधलेलं हुतं का रं?”

“व्हय. तुमाला कसं ठावं?”

“मीच बांधलं हुतं. माझ्या लेकाला, तुमच्या नाथाजी उस्तादाला म्हणलं, ह्यो फोडल्याबिगर भट्टीला हात लावू नगंस.”