उस्तादांचा राजीनामा

(जबलपूर, १९४३. अंबादास उस्तादांचं घर, कुस्तीच्या तालमीला लागूनच. उस्ताद आणि त्यांची बायको नर्मदा.)

नर्मदा : कोट धुवायला घेतला म्हणून सापडला. नाही तर मला पत्ताच लागला नसता.

अंबादास : काय सापडलं?

नर्मदा : राजीनामा. खाली तुमची सही. चौदा वर्षं खपून तालीम उभी केली, ती सोडून राहिले तुम्ही, अन् घरात एका शब्दानं बोलले नाही.

अंबादास : अच्छा, तो कागद होय.

नर्मदा : हसून काहून राहिले?

अंबादास : अगं, नोकरी सोडतात तो तुमच्या अमरावतीचा राजीनामा. इथं हिंदीत राजीनामा म्हणजे समझौता. दोघं राजी झाले, त्याचा कागद. मी कुठं नाही चाललो.

नर्मदा : कोणाशी राजी झाले?

अंबादास : नथ्थू उस्तादांशी.

नर्मदा : गोहलपूरच्या तालमीचे? ज्यांच्या सावलीला पण तुम्ही उभे राहत नाही?

अंबादास : कुस्त्यांची दंगल मी भरवतो. आपल्या रामकृष्णाशी लढणारा बद्री त्यांचा पठ्ठा. बोलावं तर लागतं ना भई. मागच्या साली निकाल लागल्याबरोबर लाठ्या निघाल्या होत्या. या जर्मन-जपानच्या लढाईच्या दिवसांत पुन्हा तसं झालं, तर साहेब परवानगी कायमची बंद करेल. पोरं आधीच खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चालली. दंगल गेली तर तालमीत येईल कोण?

नर्मदा : मग कागदात काय लिहिलं?

अंबादास : हेच. झगडा-फसाद करायचा नाही.

नर्मदा : अन् ही खालची ओळ? ‘रामकृष्ण और बद्री की कुश्ती बराबर छूटेगी.’

अंबादास : हां, म्हणजे बराबर होईल. नीट. ठीकठाक.

नर्मदा : वा. राजीनाम्याचा अर्थ हिंदीतला, अन् बराबरचा तेवढा मराठीतला?

अंबादास : तू पण ना.

नर्मदा : कुस्ती बरोबरीत सोडवणार तुम्ही. आधीच ठरवून. माझ्या भावाला, रामकृष्णाला, माहीत आहे हे?

अंबादास : नाही. बद्रीला पण नाही. ते दोघं खरेच लढतील. कोणी चीत व्हायला आला की पंच शिट्टी वाजवेल, वेळ संपली म्हणून.

नर्मदा : पंच कोण?

अंबादास : मीच.

नर्मदा : आता समजलं. भिंतींवर दंगलीचे इश्तहार लागले त्या दिवसापासून तुम्ही त्याच्या नजरेला नजर देऊन नाही राहिले. मला वाटलं, लेकरानं काही चूक केली. बत्तीस वर्षांचा झाला तो. ही शेवटची मोठी कुस्ती, म्हणतो. सहा महिने जीव तोडून जोर मारतो आहे, अन् तुम्ही त्याचा निकाल खिशात घालून फिरता.

अंबादास : हरणार तर नाही ना तो. बराबर सुटण्यात कमीपणा काय आहे? नागपुरात मी बराबरच सुटलो होतो. त्या एका कुस्तीवर सी.पी. प्रांतभर नाव झालं. लोक उस्ताद म्हणायला लागले.

नर्मदा : तेव्हा तुमच्या उस्तादांनी पण असा कागद केला होता का?

अंबादास : काय बोलून राहिली तू?

नर्मदा : विचारून राहिली.

अंबादास : मला नाही माहीत.

नर्मदा : ते गेले तोवर तुम्ही त्यांच्या पायाशी बसत होते. एकदाही विचारलं नाही?

अंबादास : नाही.

नर्मदा : काहून?

अंबादास : दमलो होतो मी, नर्मदा. एक खांदा मातीला लागला होता, दुसरा लागायचाच राहिला होता. शिट्टी वाजली, अन् बरं वाटलं मला.

नर्मदा : रामकृष्ण नाही दमला अजून. बाहेर हौद्यातली माती खणून राहिला. बोलवू त्याला?