पेन्सिलीची होडी

रत्नागिरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात राजश्री आपला नंबर लागायची वाट बघत बसली होती. भिंतीवर होड्यांचं एक जुनं विलायती चित्र होतं. काही भाग जलरंगात रंगवलेला, काही नुसता पेन्सिलीत. त्याच्यासमोर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"भिंतीवर काय हाय गो? नुसतं निळं दिसतंय."

"होड्या हायत. बंदराला लागलेल्या."

"किती?"

"तीन. शिडं उतरवलीत."

"आणि मागं?"

"मागं लांब एक हाय, पेन्सिलीची. तिला रंगच नाय दिला. काढणाऱ्यानं सोडून दिली असंल."

"किनाऱ्यावर माणसं हायत?"

"एक बाई हाय."

"कुठं बघते?"

"त्या पेन्सिलीच्या होडीकडं."

"मग सोडली कशाला बोलतेस? न परतलेल्या होडीला आपल्या बंदरावर काय बोलतात?"

"मागं हाय, बोलतात."

"बुडाली बोलतात?"

"नाय. कुणीच नाय बोलत."

"आपल्या सुहासची होडी गेल्याला किती वर्सं झाली?"

"अकरा. गप ऱ्हावा आता, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. मला ती होडी दिसली पायजे. त्यासाठी डोळं करतोय."

इतक्यात नर्स कागद घेऊन बाहेर आली.

"आजोबा, चला. ऑपरेशनच्या कागदावर घरच्यांची सही लागेल. मुलगा आलाय ना सोबत?"

म्हातारी पदर सावरत उठली.

"मागं हाय," ती म्हणाली.

"बरं, येऊ दे. थांबते मी पाच मिनिटं."

नर्स दाराकडे बघत उभी राहिली, आणि म्हातारीही.